घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात मोफत वकील: अर्ज कुठे, कधी आणि कोणत्या क्रमाने

"मला सरकारी वकील मिळेल ना?" या एका प्रश्नातूनच बहुतेक प्रकरणांची गाडी रुळावरून घसरते. सरकारी वकील हा सरकारच्या बाजूने फौजदारी खटला चालवतो. तो ना बायकोचा असतो, ना नवऱ्याचा. मोफत वकील देणारी यंत्रणा वेगळी आहे: विधी सेवा प्राधिकरण. ही दोन दारे वेगळी आहेत हे कळायलाच काही जणींचे चार-सहा महिने जातात. तोवर पोलीस ठाण्यात एखाद्या कागदावर सही झालेली असते आणि तो कागद पुढे आडवा येतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खालचा अर्ज आणि त्यासाठी मिळणारी मोफत कायदेशीर मदत, एवढाच त्याचा विषय. अर्ज करणाऱ्या बाईसाठी तो आहे, तसाच जिच्या किंवा ज्याच्या विरुद्ध अर्ज झाला आहे त्यांच्यासाठीही.

## आधी रस्ते वेगळे करा

एकाच घरातल्या एकाच त्रासावर तीन वेगळी प्रकरणे चालू शकतात, आणि प्रत्येकात वकिलाची सोय वेगळी असते.

पहिला रस्ता पोलिसांचा. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, जुने ४९८-अ. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इथे बाई फिर्यादी असते आणि खटला सरकारी वकील चालवतो, त्यामुळे तिला स्वतःचा वकील नेमावाच लागतो असे नाही. आरोपीला मात्र वकील लागतो.

दुसरा रस्ता २००५ च्या कायद्याच्या कलम १२ चा अर्ज. तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. यात सरकारी वकील तुमची बाजू मांडत नाही. स्वतःचा वकील हवा, नाहीतर विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा, म्हणजे तिथल्या वकिलांच्या यादीतला. या अर्जात अटक हा विषयच नसतो. संरक्षण, राहायला जागा, पैसे आणि मुलांचा ताबा यांचे आदेश मागायचे असतात.

तिसरा रस्ता फक्त पोटगीचा: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, जुने १२५.

दुसरा आणि तिसरा रस्ता एकत्र चालवता येतो. पण एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी सांगावीच लागते. लपवली आणि उघड झाली, की आधी मिळालेलीही कमी होऊ शकते.

तपासा: हातात असलेल्या प्रत्येक कागदावर तो कोणत्या कलमाखालचा आहे ते पेन्सिलीने लिहा. वकिलाला पहिल्या भेटीत सगळ्यात आधी तेच हवे असते.

## टप्पा १: धोका असेल तर कागद नंतर

मारहाण चालू असेल किंवा घराबाहेर काढले असेल, तर ११२ वर फोन. महिला हेल्पलाइन १८१. रात्री जायला जागा नसेल तर जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता आसरा, डॉक्टर आणि समुपदेशक एकाच ठिकाणी मिळतात.

मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढा. "पडले" असे सांगू नका. कोणी, कशाने, केव्हा मारले ते डॉक्टरांना सांगा, कारण ते टिपण पुढे न्यायालयात वाचले जाते. केसपेपरवर "पाय घसरून पडल्याचा इतिहास" असे एकदा लिहिले गेले, की उलटतपासणीत तेवढे एकच वाक्य पुरते.

सावधान: पोलीस ठाण्यात किंवा भरोसा सेलमध्ये (पोलिसांच्या महिला मदत कक्षात) समझोत्याच्या बैठकीनंतर एक जबाब लिहून घेतला जातो. त्यात "माझी आता काही तक्रार नाही" हे वाक्य जवळजवळ ठरलेले असते. नांदायला परत जायचे असेल तर खुशाल जा, पण वाक्य आपले लिहा: "समेटाच्या अटीवर परत जात आहे, पुन्हा त्रास झाल्यास तक्रारीचा हक्क राखून ठेवत आहे." कागद वाचल्याशिवाय सही नको. त्याची प्रत घेतल्याशिवाय उठूही नका.

पोलिसांनी फक्त अदखलपात्र नोंद, म्हणजे एन.सी., घेतली तरी ती प्रत जपून ठेवा. एन.सी.वर पुढे आपोआप काही होत नाही, हे खरे. पण अमुक तारखेला तुम्ही ठाण्यात गेला होता, एवढे तरी त्यातून पक्के होते.

## टप्पा २: घटनांचा तक्ता आणि कागदांची पिशवी

वकील मोफत मिळतो. हकीकत मात्र तुम्हालाच मांडावी लागते. पॅनेलवरच्या वकिलाकडे इतरही कामे असतात. तुमच्या तोंडून दोन तास ऐकून त्यातून तारखा वेचायला त्याला वेळ नसतो. म्हणून त्याच्याकडे जाण्याआधी दोन फुलस्केप कागद तयार करा.

पहिल्या कागदावर घटना. बहुतेक अर्जांत असे वाक्य सापडते:

"नवरा दारू पिऊन नेहमी मारहाण करतो आणि सासू छळ करते."

हे खरे असेलही, पण यावर न्यायाधीशांना आदेश लिहिता येत नाही. त्याऐवजी असे लिहा:

"१४ जून, रात्री साडेदहाच्या सुमारास, स्वयंपाकघरात. मुलाच्या फीचे पैसे मागितले म्हणून पतीने डाव्या हाताचे मनगट पिरगळले आणि डोके ओट्यावर आपटले. सासूबाई दारात होत्या. 'आवाज बाहेर जाऊ देऊ नको' म्हणाल्या. शेजारच्या काकूंनी दार वाजवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढला."

दिवस, वेळ, जागा, कारण, कोणी काय केले, कोणी पाहिले, त्याचा कागद कोणता. या सात गोष्टी आल्या की घटना उभी राहते. नेमकी तारीख आठवत नसेल तर "गणपतीच्या आधीचा रविवार" असे लिहा. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. अशा पाच-सहा घटना पुरतात: पहिली, शेवटची आणि मधल्या सगळ्यात गंभीर.

या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे. शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती आणि आर्थिक कोंडी, म्हणजे पगार काढून घेणे, किराण्याला पैसे न देणे, दागिने अडकवून ठेवणे, हेही कलम ३ मध्ये येते. आर्थिक कोंडीच्या नोंदी बायका हमखास वगळतात, कारण "त्यात काय सांगायचे" असे वाटते. खरे तर त्याच सगळ्यात सोप्या सिद्ध होतात. बँकेचे पासबुक बोलते.

दुसऱ्या कागदावर स्त्रीधनाची यादी: वस्तू, अंदाजे वजन, कोणी दिली, कधी दिली, आता कोणाच्या ताब्यात आहे, पावती किंवा लग्नातला फोटो आहे का. "वीस तोळे सोने" या तीन शब्दांवर परतीचा आदेश मिळणे अवघड.

पिशवीत आणखी काय हवे:

- आधार कार्ड आणि सध्या राहता त्या जागेचा कुठलाही पुरावा
- लग्नाचा दाखला. नसेल तर पत्रिका आणि फोटो
- मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या
- केसपेपर, एन.सी., तक्रार अर्जाच्या पोहोच असलेल्या प्रती
- पतीच्या कमाईचा माग: कंपनीचे नाव, हुद्दा, जुनी पगारपावती, गाडीचा क्रमांक, शेती असेल तर ७/१२ आणि ८-अ
- तुमचे स्वतःचे बँक पासबुक

मोबाइलमधल्या संदेशांबद्दल एक तांत्रिक गोष्ट. स्क्रीनशॉटच्या छापील प्रती एकट्या पुरत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र सोबत लागते, त्याचा मसुदा वकील करून देतो. तुमचे काम एवढेच: मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका आणि संदेश निवडून पुसू नका. आपले चार रागाचे संदेश पुसून त्याचे ठेवले, की समोरचा पूर्ण संभाषण काढून दाखवतो आणि मग खऱ्या संदेशांवरही संशय येतो.

## टप्पा ३: विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज

कोण पात्र? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ पाहा. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारी बाईसुद्धा पात्र आहे. "तुमचा पगार जास्त आहे" म्हणून खिडकीवरून परत पाठवले, तर कलम १२ चे नाव घ्या आणि लेखी नकार मागा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांनाही उत्पन्नाची अट नाही. इतर पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे.

कुठे? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो आणि १५१०० ही हेल्पलाइन आहे. तरी शक्य असेल तर प्रत्यक्ष जा. खिडकीवर कागदातली त्रुटी तिथल्या तिथे कळते.

कसा? छापील नमुना मोफत मिळतो, मराठीत भरता येतो. लिहिता येत नसेल तर तिथल्या माणसाने तुमचे म्हणणे लिहून घ्यायचे असते. "कोणत्या प्रकरणासाठी मदत हवी" या रकान्यात नुसते "कौटुंबिक वाद" लिहू नका. असे लिहा: "कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज आणि कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज दाखल करणे व चालवणे." अंतरिम आदेश म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश. रकाना मोघम भरला की फाइल समुपदेशनाकडे वळते आणि महिना तिथेच जातो. समुपदेशन नको असे नाही. ते तुम्ही मागितले म्हणून व्हावे, रकाना चुकला म्हणून नव्हे.

अर्जावर नियमाप्रमाणे सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते. जिल्ह्यात अध्यक्ष म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश.

मदतीत फक्त वकिलाची फी येत नाही. न्यायालयीन शुल्क, नोटिशीचा खर्च, टायपिंग आणि नकलांचा खर्चही त्यात येतो.

सावधान: पॅनेलवरच्या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. "झेरॉक्ससाठी पाचशे द्या", "बेलिफाला द्यावे लागतात" हे ऐकले तर भांडत बसू नका. तारीख आणि रक्कम लिहून प्राधिकरणाच्या सचिवांना अर्ज द्या, पोहोच घ्या.

आधीचा खासगी वकील असेल तर: आधी त्याची नाहरकत घ्या, मग प्राधिकरणाकडे जा. फी थकली म्हणून तो तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच हे स्पष्ट केले आहे. उलटही लक्षात ठेवा. पॅनेलचा वकील असताना गुपचूप दुसऱ्याचे वकीलपत्र दाखल केले, तर मोफत मदत बंद होऊ शकते.

## टप्पा ४: नेमणुकीचे पत्र आणि पहिली भेट

नेमणुकीच्या पत्राची प्रत तुम्हालाही मिळते. तिच्यावर वकिलाचे नाव असते. आठवडाभर फोनची वाट पाहू नका, तुम्हीच जा.

पहिल्या भेटीत दोन्ही कागद आणि झेरॉक्सचा संच द्या. मूळ कागद हातात देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. वकीलपत्रावर सही करताना वरचा मजकूर भरलेला आहे का ते पाहा. कोऱ्या कागदावर सही कोणालाच देऊ नका, आपल्या वकिलालाही नाही. मग चार गोष्टी विचारून वहीत लिहा: अर्ज कधी दाखल होईल, अंतरिम अर्ज सोबतच जाणार का, मसुदा वाचायला कधी मिळेल, आणि निरोप कुठल्या क्रमांकावर द्यायचा.

वकील फिरकतच नसेल, दोन-तीन तारखांना गैरहजर असेल, तर बदलून मागता येतो. सचिवांना लेखी द्या, गैरहजेरीच्या तारखा घाला. "वकील चांगले नाहीत" एवढ्यावर काही होत नाही.

## टप्पा ५: संरक्षण अधिकारी

महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी घरगुती घटनेचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात भरतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. हे काम विनामूल्य आहे आणि अहवालाची प्रतही विनामूल्य मिळते. तुमचा घटनांचा तक्ता इथे जसाच्या तसा कामी येतो. अहवालात एक हकीकत आणि अर्जात दुसरी असे झाले, की समोरच्या वकिलाचे निम्मे काम तुम्हीच करून दिले.

अधिकारी रजेवर आहेत किंवा पद रिकामे आहे म्हणून अर्ज थांबवू नका. असा अहवाल नसतानाही न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. बाई वकिलामार्फत थेट अर्ज करू शकते.

## टप्पा ६: अर्जाचा मसुदा

इथे घाई नको. तीन गोष्टींवर जास्तीत जास्त चुका होतात.

कोणाविरुद्ध. २०१६ पासून स्त्रियाही गैरअर्जदार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे ते, होऊ शकतात, म्हणून नऊ-दहा नावे घालण्याची सवय वाढली. पुण्यात राहणारी नणंद, नाशिकचा दीर, चुलतसासरे. प्रत्येकाला नोटीस बजावावी लागते, आणि एकाची जरी परत आली तरी तारीख पुढे जाते. शिवाय ज्याच्या नावापुढे एकही घटना नाही असे नाव दिसले, की बाकीची हकीकतही फुगवलेली वाटते. मोघम आरोपांवर सगळ्या घराला गोवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने वारंवार, अलीकडे डिसेंबर २०२४ मध्येही, कान टोचले आहेत. ते ताशेरे ४९८-अ च्या खटल्यांतले असले, तरी कलम १२ च्या अर्जालाही तेच शहाणपण लागू पडते. नियम सोपा ठेवा: तक्त्यात ज्याची कृती आहे त्याचेच नाव अर्जात.

कुठे. तुम्ही आता तात्पुरत्या जरी राहत असाल, त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज चालतो. माहेरचा तालुका चालतो, नोकरीचे गावही चालते. सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. घटस्फोट झाला असला तरी नांदत असतानाच्या हिंसेसाठी अर्ज करता येतो. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेली स्त्री, आई, बहीण यांनाही दार उघडे आहे.

काय मागायचे. जवळजवळ प्रत्येक कच्च्या मसुद्यात फक्त "दरमहा पोटगी" असते. कायद्यात त्याहून बरेच आहे:

- कलम १८: हिंसा, पाठलाग, कामाच्या ठिकाणी येणे, फोन-संदेश यांवर मनाई, संयुक्त खाते, लॉकर परस्पर रिकामे न करण्याचा आदेश
- कलम १९: राहत्या घरातून न काढण्याचा आदेश, किंवा तसेच दुसरे घर अथवा भाडे, स्त्रीधन परत. पतीला घराबाहेर राहायला सांगता येते, पण घरातल्या स्त्रीला, म्हणजे सासूला, तसा आदेश देता येत नाही
- कलम २०: निर्वाहखर्च, औषधोपचार, बुडालेली कमाई
- कलम २१: मुलांचा तात्पुरता ताबा
- कलम २२: मानसिक त्रासाची भरपाई

घर सासूच्या नावावर आहे म्हणून निवासाचा हक्क आपोआप जात नाही. हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरले. पण तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे.

सोबत दोन कागद हवेतच. एक, कलम २३ चा अंतरिम अर्ज आणि त्याचे ठरलेल्या नमुन्यातले प्रतिज्ञापत्र. हे राहिले तर मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत हातात काही पडत नाही. दोन, उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी ते द्यायचे असते. शिवणकामाचे चार हजार येत असतील तर चार हजार लिहा. "काहीच उत्पन्न नाही" असे शपथेवर लिहून ऑनलाइन पैसे जमा होत असलेले पासबुक जोडणारे अर्ज दुर्मीळ नाहीत.

तपासा: मसुदा मराठीत वाचून घ्या, इंग्रजीत असेल तर उलगडून घ्या. गैरअर्जदाराचा घरचा आणि नोकरीचा, दोन्ही पत्ते आहेत का? तुमचा बँक खाते क्रमांक आहे का? मुलांची वये बरोबर आहेत का?

## टप्पा ७: नोटीस आणि तारखा

कायद्यानुसार पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तसे क्वचितच होते. म्हणून लढाई साठ दिवसांची न समजता अंतरिम आदेशाची समजा. धोका स्पष्ट असेल तर समोरच्याला ऐकण्याआधीही एकतर्फी अंतरिम आदेश मागता येतो. त्यासाठी ताजी घटना आणि तिचा कागद लागतो.

नोंदणी झाली की प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मागून घ्या. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख दिसते. वकिलाच्या फोनवर अवलंबून राहावे लागत नाही. प्रत्येक तारखेला काय झाले ते न्यायालयाच्या रोजनाम्यात लिहिलेले असते. नोटीस बजावली गेली का, हे पहिल्या दोन तारखांतच पाहा. "पत्त्यावर मिळून आले नाहीत" असा शेरा आला तर त्याच दिवशी नोकरीच्या पत्त्यावर नव्याने नोटीस मागा. या एका शेऱ्यावर प्रकरणे सहा-सहा महिने झोपतात आणि कोणी विचारत नाही.

सुनावणी बंद दालनात व्हावी असे वाटत असेल तर तशी विनंती करता येते.

## समोरची बाजू: नोटीस आली असेल तर

हा कायदा अर्जाचा हक्क फक्त स्त्रियांना देतो. त्यावर कोणाचे काहीही मत असो, नोटीस आल्यावर त्या मतावर वेळ घालवणे महागात पडते. कायदा कितपत न्याय्य वाटतो, हे बहुतांशी तुम्ही वेळेत हजर राहिलात का आणि तुम्हाला वकील होता का, यावर ठरते.

१. नोटिशीवरची तारीख, न्यायालय आणि प्रकरण क्रमांक पाहा. त्या तारखेला वकील ठरला नसला तरी स्वतः हजर राहा, अर्जाची सहपत्रांसह प्रत मागा आणि म्हणणे, म्हणजे लेखी उत्तर, देण्यासाठी मुदत मागा. गैरहजर राहिलात की एकतर्फी आदेश होतो.

२. मोफत वकिलाची पात्रता तपासा. सासू, नणंद, जाऊ यांनाही महिला म्हणून उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. हे त्या घरात बहुधा कोणालाच माहीत नसते. पुरुषाला ३ लाखांची मर्यादा आहे, आणि ती तोकडी आहे: महिना सव्वीस हजार कमावणारा माणूसही तिच्याबाहेर जातो. एकच प्राधिकरण दोन्ही बाजूंना वेगवेगळे वकील देऊ शकते. त्यात वावगे काही नाही.

३. पोलीस गुन्हाही दाखल असेल तर त्यासाठी वेगळी सोय आहे. २०२२ च्या योजनेनुसार अनेक जिल्ह्यांत प्राधिकरणाचे पूर्णवेळ बचाव वकील आहेत. ते पात्र आरोपींचे फौजदारी खटले चालवतात. कलम १२ च्या अर्जासाठी पॅनेलचा वकील वेगळा मागावा लागतो. पोलिसांची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची हजर राहण्याची नोटीस आली तर हजर राहा आणि पोहोच ठेवा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले आहे. पण नोटिशीला दांडी मारली की ते संरक्षण पातळ होते.

४. म्हणणे परिच्छेदवार द्या. "सर्व आरोप खोटे" हे उत्तर नव्हे. १४ जूनच्या रात्री तुम्ही कामावर असाल तर हजेरीपत्रक लावा. पगारपावत्या, कर्जाचे हप्ते, आईवडिलांच्या औषधांची बिले, सगळे प्रतिज्ञापत्रासोबत चार आठवड्यांत द्यायचे असते. पगार लपवलेला पकडला गेला की मग दिलेला आकडा कोणी मानत नाही.

५. राजीनामा देऊ नका, कुलूप बदलू नका, वीज तोडू नका, मध्यस्थांकरवी निरोप पाठवू नका. कलम १८ चा आदेश मोडणे हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घरात पुरुषालाच मारहाण होत असेल, तर या कायद्यात त्याला अर्ज नाही. पोलिसांत दुखापतीची तक्रार आणि क्रूरतेच्या कारणावर घटस्फोट, हे रस्ते आहेत. वृद्ध आईवडिलांसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. त्याचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातो. आणि सून किंवा मुलगा सासूला छळत असेल, तर ती सासू याच २००५ च्या कायद्याखाली अर्जदार होऊ शकते.

## टप्पा ८: आदेश हातात पडल्यावर

आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना आणि संबंधित पोलीस ठाण्याला विनामूल्य द्यायची असते. ती ठाण्यात खरोखर पोहोचली का ते स्वतः जाऊन पाहा. रात्री बारा वाजता ठाण्यातला अंमलदार "आमच्याकडे आदेश नाही" म्हणतो तेव्हा उशीर झालेला असतो. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत जवळ बाळगा, एक फोटो फोनमध्ये ठेवा.

आदेशात रक्कम, सुरू होण्याची तारीख आणि दर महिन्याची देय तारीख स्पष्ट आहे का ते वाचा. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. तसे लिहिले नसेल तर लगेच वकिलाला विचारा.

पैसे थांबले तर दोन-तीन महिन्यांतच वसुलीचा अर्ज टाका. एक वर्षाहून जुनी थकबाकी मागताना मुदतीचा अडथळा येतो. "एकदम मागू" म्हणून थांबलेल्या बायकांचे पैसे इथेच बुडतात. पती नोकरीत असेल तर त्याच्या मालकाने पगारातून परस्पर रक्कम द्यावी, असा आदेश कलम २० खाली मागता येतो. या मागणीसाठीच टप्पा २ मधले कंपनीचे नाव जपायचे होते.

आदेश मान्य नसेल तर दोन्ही बाजूंना सत्र न्यायालयात अपील आहे. आदेश बजावल्यापासून तीस दिवस. अपिलासाठी मोफत वकील हवा असेल तर नव्याने अर्ज द्या, आणि तो पहिल्या आठवड्यातच द्या, कारण नेमणुकीचे सात दिवस या तीसातूनच जातात. नोकरी गेली, पगार वाढला, मूल दुसऱ्याकडे राहायला गेले, अशी परिस्थिती बदलली असेल तर अपील नव्हे. कलम २५ खाली त्याच न्यायालयात आदेश बदलून मागायचा. तो बदलून मिळेपर्यंत जुना आदेश लागू असतो आणि दर महिन्याची रक्कम चढत राहते.